रेडियल की नायलॉन? अमडापूरच्या रस्त्यावरचा हिशेब

बुलडाणा जिल्ह्यात चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात मोटरसायकलवर जे ओझं चढतं, ते कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत दिसत नाही. युरियाचं 45 किलोचं पोतं, मागे बसलेला माणूस, फवारणीचा पंप. आणि वाट अर्धी डांबरी, अर्धी काळ्या मातीच्या पाणंदीची. अशा गाडीचा मागचा टायर गोटा झाला की प्रश्न निघतो: रेडियल टाकायचा की साधा नायलॉन? त्यामागे एक समजूत दडलेली असते, की रेडियल म्हणजे पुढारलेला टायर आणि नायलॉन म्हणजे पैसे कमी पडले म्हणून घ्यायचा. ही समजूत चुकीची आहे. या भागातल्या 100 ते 125 सीसीच्या गाड्यांना नायलॉन टायरच योग्य आहे, आणि याचं कारण किमतीत नसून टायरच्या रचनेत आहे.

टायर रबराचा दिसला तरी भार पेलतो तो आतला दोऱ्यांचा सांगाडा. नायलॉन टायरमध्ये हे थर तिरके, एकमेकांना छेदत, एका काठाच्या तारेपासून दुसऱ्या काठाच्या तारेपर्यंत गेलेले असतात. जे थर तळाला, तेच बाजूच्या भिंतीला. म्हणून भिंत ताठ राहते. रेडियलमध्ये दोरे चाकाच्या त्रिज्येच्या दिशेने सरळ आडवे जातात आणि तळाखाली पोलादाचा किंवा दुसऱ्या भक्कम तंतूचा वेगळा पट्टा असतो. तळ घट्ट, भिंत लवचिक. मिशेलिनने या रचनेचं पेटंट 1946 साली घेतलं, पण मोटरसायकलसाठी रेडियल यायला 1983 उजाडलं. तो पिरेलीचा एमपी7. एवढा उशीर का लागला, हे समजून घेण्यासारखं आहे. मोटार वळताना जवळपास सरळ उभी राहते, मोटरसायकल मात्र कलते, आणि मऊ भिंतीवर कललेली गाडी डोलते. त्यावरचा उपाय होता भिंतच बुटकी करण्याचा. यामाहा एफझी-एसच्या मागच्या रेडियलवर 140/60 आर 17 असं लिहिलेलं असतं, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या फक्त 60 टक्के. स्प्लेंडरच्या टायरवर 80/100-18 असतं: रुंदी 80 मिलिमीटर आणि उंचीही तेवढीच. उंच, अरुंद टायरला ताठ भिंतच लागते.

म्हणून स्प्लेंडर किंवा शाइनच्या मापात रेडियल सहसा मिळतच नाही. ज्यांना तो हवाच असतो, ते रुंद माप बसवायला निघतात, आणि खरा धोका तिथे आहे. 140 मापाच्या टायरला पावणेचार-साडेचार इंच रुंद रिम लागते. या गाड्यांच्या रिमा दोन इंचांच्या आतबाहेर असतात. अशा रिमवर रुंद टायर दोन्ही बाजूंनी आवळला जातो, तळ गोलाकार फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग उलट घटतो आणि वळणावर गाडी अचानक कलंडल्यासारखी होते. चेन आणि मडगार्डला घासण्याचा त्रास वेगळाच.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप उष्णतेचा आहे. तिरके थर चाक फिरताना एकमेकांवर घासतात आणि तापतात, रेडियल कमी तापतो. मग पारा 44 अंशांवर नेणाऱ्या विदर्भातल्या उन्हाळ्यात रेडियलच बरा नाही का? तत्त्व खरं आहे. पण टायर आतून तापतो तो वेगाने, भाराने आणि कमी हवेने. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार साध्या रस्त्यावर दुचाकीला कमाल 60 आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 80 किलोमीटरचा वेग आहे. स्प्लेंडरच्या मागच्या टायरवरचं ‘पी’ हे अक्षर 150 किलोमीटरपर्यंतची क्षमता सांगतं. बुलडाणा जिल्ह्यातून मोटारींना 120 च्या वेगाने नेणारा समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. रेडियलचा गारवा ज्या वेगात उपयोगी पडतो, तो वेग या गाड्यांच्या वाट्याला येत नाही. हवा कमी ठेवून ओझं वाहिलं, तर मात्र कोणत्याही रचनेचा टायर तापेल.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो ट्रकवरून उचललेला आहे. ट्रकचा रेडियल जास्त चालतो आणि डिझेल वाचवतो, यात वाद नाही. मोटरसायकलच्या रेडियलमध्ये मात्र पकड वाढावी म्हणून तळाचं रबर बहुधा मऊ ठेवतात, आणि मऊ रबर लवकर झिजतं. शिवाय शेताच्या बांधावरचा दगड लागतो तो भिंतीला, जी रेडियलची पातळ बाजू आहे. गेटर, म्हणजे फाटलेल्या जागी आतून टायरचा तुकडा, टाकून दिवस काढण्याची खेड्यातली सवय तिथे धोक्याची ठरते. पंक्चरचा मुद्दा तर वेगळाच आहे. रेडियल म्हणजे ट्यूबलेस, हा मोठा गैरसमज आहे. नायलॉन टायरही ट्यूबलेस असू शकतो. बाभळीच्या काट्याने हैराण झालेल्या माणसाला हवा असतो तो ट्यूबलेस, आणि अलॉय चाक असेल तर तो नायलॉनमध्येही मिळतो.

ज्या गाडीला कंपनीनेच रेडियल दिला आहे, तिला मात्र तोच टाकावा. केटीएम 390 ड्यूकला पैसे वाचवण्यासाठी नायलॉन टाकणं तितकंच चुकीचं. पुढे नायलॉन आणि मागे रेडियल ही जोडी एफझी-एस आणि आर15 वर कंपनीनेच दिली आहे, ती चालते. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी उलटी जोडी स्वतःच्या मनाने करू नये.

खरा हिशेब मात्र वेगळ्याच आकड्याचा आहे, आणि तो दुकानात कोणी विचारत नाही. स्प्लेंडरच्या मागच्या टायरवरच्या ‘54पी’मधल्या 54 चा अर्थ, पुरेशी हवा असताना 212 किलो. गाडीचं वजन साधारण 112 किलो. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त, पासष्ट किलोंची दोन माणसं आणि वर युरियाचं पोतं धरलं, तर चालवणाऱ्याचा काही भार पुढच्या चाकावर गेला तरी मागच्या चाकावर 200 किलोंच्या आसपास भार येतो. दुसरं पोतं चढवायला जागाच उरत नाही, टायर रेडियल असो वा नायलॉन. तेव्हा नवा टायर घेताना मूळ माप आणि भाराचा आकडा जुळवा, आयएसआय चिन्ह पाहा, भिंतीवरचे चार अंक वाचा. 2325 म्हणजे 2025 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आणि सोयाबीनची पोती बाजार समितीत न्यायची असतील, तर ती मोटरसायकलवर न लादता मालवाहू गाडीत घाला.