आधी 'आली', मग एसटी

तळेगाव ढमढेरेच्या स्टँडवर शिक्रापूरकडून गाडी येताना दिसली, की 'एसटी आली' असं शिस्तीत कोण म्हणतं? 'आली बघा एसटी!' असंच तोंडातून निघतं. क्रियापद पुढे, कर्ता मागून. इंग्रजीतलं 'डाउन द रोड केम द बस' हे वाक्य याच चालीचं. (इथल्या 'डाउन'चा उताराशी संबंध नाही, रस्त्याने, एवढाच अर्थ.) तरी अनेकांना ते चुकीचं, फार तर कवितेतलं वाटतं. प्रत्यक्षात कथा, कादंबरी, प्रवासवर्णन अशा साध्या गद्यात ते सर्रास येतं. जागा आधी दाखवायची आणि नवी वस्तू शेवटी समोर आणायची, ही त्यातली युक्ती.

'क्रम उलटला म्हणजे डिड हवंच' हा दुसरा गैरसमज. 'नेव्हर डिड ही कम' मध्ये डिड येतं ते वाक्याच्या सुरुवातीला नकार आला म्हणून. गतीच्या वाक्यात मुख्य क्रियापदच उडी मारतं. 'डाउन द रोड डिड द बस कम' हे मात्र खरोखर चूक.

क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं, इथेही गल्लत होते. आपण 'आला ट्रॅक्टर, आली एसटी, आलं वऱ्हाड' म्हणतो. कर्ता अजून उच्चारलेला नसतो, पण क्रियापदाला त्याचं लिंग ठाऊक असतं. इंग्रजीत लिंगाची भानगड नाही, वचनाची आहे. म्हणून 'आउट ऑफ द बस कम द चिल्ड्रन'. जवळ 'बस' हा एकवचनी शब्द दिसला म्हणून 'कम्स' लिहायचं नाही.

मराठीची मोकळीक इथे पुरती मिळत नाही, हेही खरं. 'पिशवीत ठेवलं सीतेने पुस्तक' आपल्याला चालतं, कारण कर्ता कोण ते 'ने' सांगतो. इंग्रजीत ते काम शब्दाची जागा करते. म्हणून ही उलटापालट कम, गो, रन, रोल अशा अकर्मक क्रियापदांनाच शोभते. सर्वनामालाही ती मानवत नाही: 'हिअर कम्स द बस', पण 'हिअर इट कम्स'. उलट्या क्रमाच्या वाक्यात जागा दाखवणाऱ्या शब्दांनंतर लगेच क्रियापद आलं, तर मध्ये स्वल्पविरामही नको.

आणि गाडी आलीच नाही तर? 'डाउन द रोड केम नॉट द बस' असं आज कुणी लिहीत नाही. न आलेल्या एसटीसाठी सरळ वाक्यच: 'द बस डिड नॉट कम.'