सपाट वॉर्सातला उडीचा मनोरा

पोलंडची राजधानी वॉर्सा सपाट मैदानावर वसलेली. उंचवटा म्हणावा तर व्हिस्टुला नदीच्या पश्चिमेला लांबवर गेलेली एक धार. दुसऱ्या महायुद्धात या शहराची राखरांगोळी झाली. घरं पुन्हा उभी राहत होती त्याच काळात, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मोकोतुफ भागातल्या या उतारावर स्की-जंपिंगसाठी मनोरा बांधला गेला. डोक्यावर छप्पर हवं तसं पोरांना खेळायलाही हवं, हे ओळखणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

झाकोपाने इथली १९२५ ची व्येल्का क्रोक्येफ ही पोलंडची मानाची टेकडी. पण ती दूर दक्षिणेच्या डोंगरांत. मोकोतुफची टेकडी त्यामानाने लहान, सुमारे ३८ मीटरच्या उडीची. शिकणाऱ्याला तेवढीच लागते.

बर्फाची अडचण प्लॅस्टिकने सोडवली. १९५४ मध्ये पूर्व जर्मनीतल्या ओबरहोफला हान्स रेनर यांनी प्लॅस्टिकच्या लांब तंतूंच्या चटया उतारावर अंथरून दाखवल्या. टोकं खाली सोडून, थरावर थर चढवत, गवताने छप्पर शाकारावं तशा त्या लावतात. वर पाणी मारत राहायचं. चटई कोरडी पडली की स्की अडकते. मोकोतुफलाही अशाच चटया होत्या, त्यामुळे हिमवर्षावाची वाट पाहावी लागत नसे.

मनोऱ्याच्या टोकावरून खेळाडू वाकून सुटतो. पाहणाऱ्याला वाटतं, खालची कड त्याला वर फेकते. प्रत्यक्षात ती कडसुद्धा किंचित खालीच कललेली असते. उसळी पायांनीच घ्यायची, तीही क्षणभरात. जरा आधी किंवा जरा उशिरा झाली, तर उडी फसली.

१९८० च्या दशकानंतर इथल्या स्पर्धा थांबल्या. चटया गेल्या, झाडोरा माजला, मनोरा तेवढा उरला. आणि नेमकं त्यानंतर अख्ख्या पोलंडला या खेळाचं वेड लागलं. वीस्वा गावचा आदाम मावीश, कौलं-छपरं घालण्याचं काम शिकलेला तरुण, २००१ ते २००३ सलग तीन वर्षं विश्वचषकाचा मानकरी ठरला. २००७ मध्ये चौथ्यांदा. रविवारी घरोघरी लोक टीव्हीपुढे बसत. त्या उत्साहात राजधानीतली ही टेकडी दुरुस्त व्हायला हवी होती. झाली नाही, आणि ही हेळसांड मला अक्षम्य वाटते. मोठ्या टेकड्यांवर विजेते दिसतात. घडतात ते लहान टेकड्यांवर.

२०१०-११ च्या सुमारास मनोरा पाडला. मावीशही २०११ मध्येच निवृत्त झाला. वॉर्सातली मुलं आजही श्चेंश्लिवित्से इथल्या, युद्धातल्या ढिगाऱ्यांच्या टेकडीवर कृत्रिम उतारावरून स्कीइंग करतात. उडी शिकायची तर मात्र डोंगर गाठावा लागतो.