आसंध, जिनसेंग घेताय? आधी डॉक्टरांना विचारा

सभासद बंधूंनो, ऊसतोडीच्या हंगामात अंग मोडून येते. मग कोणी सांगतो, "जिनसेंगच्या गोळ्या घे, नाहीतर आसंधाचे चूर्ण घे. झाडपाल्याचेच औषध, त्याने काय होते?" होते ते असे.

आसंध म्हणजे अश्वगंधा. तिला 'भारतीय जिनसेंग' म्हणतात, पण ती वांगी-मिरचीच्या कुळातली. कोरियाचे जिनसेंग वेगळे. दोन्हींनी रक्तातील साखर उतरू शकते. मधुमेहाची गोळी चालू असेल, तर साखर फार खाली जाऊन घाम सुटतो, चक्कर येते. जिनसेंगमुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा असर कमी होऊ शकतो. आसंधामुळे थायरॉईडच्या व झोपेच्या औषधांचे प्रमाण बिघडू शकते. काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर बाईने दोन्ही टाळावीत.

सुटे चूर्ण घेऊ नका. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत पाहा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, की चूर्ण बंद करून तडक तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. डबा सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. ऑपरेशन ठरले असेल, तर आधीच सांगा.