मायक्रोफोन बिघडला की मोजमाप?

वसईतला जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी. अशाच एका संध्याकाळी ओळखीचे एक काका त्यांचा जुना कंडेन्सर माइक घेऊन आले. "फटफट आवाज येतो, आणि गाणं फार हळू ऐकू येतं. कॅप्सूल गेली म्हणतात. बदलून टाकू का?" इतकी जुनी कॅप्सूल पुन्हा मिळणं कठीण, म्हणून म्हटलं, आधी निदान करू.

थोडं भौतिकशास्त्र बघा. कॅप्सूल म्हणजे एक कपॅसिटर: सोन्याचा थर दिलेला काही मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्याच्यामागे धातूची स्थिर तबकडी. या माइकात तिला ६० व्होल्ट मिळतात, तेही १ गिगाओहमच्या रोधातून. आवाजाने पडदा हलला की धारिता बदलते. रोध प्रचंड असल्यामुळे चार्जला तेवढ्या वेळात निसटता येत नाही, म्हणून व्होल्टेज बदलतं. तोच आपला सिग्नल.

मी कॅप्सूलवर मल्टिमीटर लावला. ०.६ व्होल्ट! "पुरवठा गेला," असं वहीत लिहूनही टाकलं.

चूक माझी होती. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, म्हणजे १ गिगाओहमच्या शंभरावा भाग. मीटर लावताच ६० व्होल्टचे ०.६ होणारच, धडधाकट माइकातही हेच दिसलं असतं. त्या मोठ्या रोधाच्या अलीकडे मोजलं तर पूर्ण ६० मिळाले.

मग अदलाबदल. वीज बंद करून, थोडं थांबून कॅप्सूल सोडवली आणि तिच्या जागी जवळपास तेवढ्याच धारितेचा, ६८ पिकोफॅरडचा चांगला कपॅसिटर जोडला. हे त्याच दमट संध्याकाळी केलं, नाहीतर तुलनाच फुकट. फटफट थांबली. म्हणजे सर्किट ठीक, दोष कॅप्सूलकडे.

पण कॅप्सूल "मेली" असं अजूनही म्हणता येत नाही. नॉयमनच्या यू ४७ मधल्या एम ७ कॅप्सूलचा पीव्हीसीचा पडदा वयानुसार कडक होऊन तडकतो. तो दोष वेगळा. इथे पडदा शाबूत दिसत होता. म्हणून कॅप्सूल सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवली. आवाज स्वच्छ आला! पुढच्या पावसाळी रात्री मात्र पुन्हा फटफट.

हा उलटा निकालच सगळ्यात कामाचा ठरला. कडेच्या विसंवाहक रिंगवर धूळ आणि खाऱ्या हवेतलं मीठ साचलं होतं. मीठ ओलावा ओढतं आणि चार्जला गळायला वाट मिळते. ही गळती १ गिगाओहमची असली तरी ६० चे ३० व्होल्ट होतात, माइकची संवेदनशीलता निम्मी. मऊ ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला करून फक्त रिंग पुसली, पडद्याला हात लावला नाही, आणि पुन्हा वाळवली. त्यानंतरच्या पावसात माइक नीट चालला.

संशोधनाला लागण्याआधी एवढं अंगवळणी पाडा: जे परत पूर्ववत करता येतं, ते आधी करून बघा. पुसणं, खरवडणं, बदलणं शेवटी. आणि वहीत निष्कर्ष लिहिण्याआधी तुमच्या मीटरचा रोध किती, ते लिहा. माझ्या वहीतलं ते "पुरवठा गेला" मी खोडलेलं नाही. शेजारी फक्त "१० मेगाओहम" लिहिलंय.