मार्सियनची संहिता

पाखंडी ठरलेल्या आद्य ख्रिस्ती पंथांची चर्चा बहुधा त्यांच्या मतांपुरती होते. दुसऱ्या शतकातील मार्सियनच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्याच्यावरील आरोपांत दोन देवांच्या सिद्धान्ताइतकेच महत्त्व ग्रंथसंपादनाला होते.

काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी नगरातील हा जहाजमालक इ. स. १४० च्या सुमारास रोमला आला व तेथील ख्रिस्ती मंडळीला त्याने २ लक्ष सेस्टर्स अर्पण केले. १४४ मध्ये मंडळीने त्याला बहिष्कृत केले आणि रक्कमही परत केली. एवढा चोख व्यवहार धर्मकलहात क्वचितच आढळतो.

जग निर्माण करणारा आणि यहुद्यांना नियमशास्त्र देणारा देव न्यायी खरा, परंतु येशूने प्रकट केलेला दयाळू देव निराळा असून तोवर या जगाला सर्वस्वी अपरिचित होता, असे मार्सियनचे म्हणणे. या निष्कर्षाला तो वाचनाच्या वाटेने पोहोचला. जुन्या करारातील ईश्वराचा क्रोध, सूड, पश्चात्ताप यांची संगती अनेक ख्रिस्ती भाष्यकार रूपकार्थाने लावीत. मार्सियनने ती सोय नाकारली. मौज अशी की, तो ग्रंथ त्याने खोटा मानला नाही. त्यात भाकित केलेला यहुद्यांचा मसीहा अद्याप यावयाचा आहे, हेही त्याला मान्य होते. ज्या ग्रंथाचा त्याने त्याग केला, त्याचा शब्दार्थ त्याने ग्रंथाच्या कैवाऱ्यांहून अधिक गंभीरपणे घेतला.

त्याच्या जागी त्याने लूकच्या शुभवर्तमानाशी जुळणारे, परंतु येशूची जन्मकथा नसलेले एक शुभवर्तमान आणि पौलाची १० पत्रे एकत्र केली. ख्रिस्ती ग्रंथांचा असा मर्यादित संच ज्ञात इतिहासात हाच पहिला. मूळ ग्रंथाला त्याने कात्री लावली, असा विरोधकांचा आरोप. यहुदी वळणाच्या लोकांनी घातलेला प्रक्षेप आपण काढला, असा त्याचा दावा. काही अलीकडील अभ्यासकांना तर त्याचा पाठ बराचसा त्याच्या आधीचाच असावा, असे वाटते.

निवाडा कठीण आहे, कारण ती संहिता उरलेली नाही. ती शोधावी लागते ती मुख्यतः टर्टुलियनच्या पाच खंडांच्या खंडनग्रंथात आणि चौथ्या शतकातील एपिफेनियसने काढलेल्या उताऱ्यांत. १९२१ मध्ये जर्मन पंडित हार्नाक याने तिची पुनर्रचना केली ती याच सामग्रीवरून. लोकायतांची मते 'सर्वदर्शनसंग्रहा'तून वाचणाऱ्या भारतीय अभ्यासकाला ही अवस्था परिचित आहे. येथे भाषांतराची गुंतागुंत आणखी. मूळ ग्रीक, टर्टुलियन लॅटिन. त्याच्यापुढे लॅटिन भाषांतर होते की तो स्वतःच भाषांतर करीत होता, हा वाद मिटलेला नाही. शिवाय जेथे तो मौन धरतो तेथे मजकूर नव्हता, की त्यावर टीका करण्याजोगे त्याला काही आढळले नाही?

विरोधकांच्या मध्यस्थीवाचून आलेला एक पुरावा मात्र दमास्कसच्या दक्षिणेस लेबाबा या गावी सापडला: मार्सियनपंथीयांच्या सभागृहावरील ३१८-१९ चा शिलालेख. ख्रिस्ती उपासनास्थळावरील कालनिर्देश असलेल्या लेखांत तो सर्वांत जुना गणला जातो. त्यात येशूच्या नावापुढे 'ख्रिस्टोस', म्हणजे अभिषिक्त, याऐवजी 'ख्रेस्टोस', म्हणजे चांगला, असे कोरलेले आहे. अभिषिक्त मसीहा यहुद्यांचा आणि चांगला देव आपला, या पंथमताला ते साजेसे आहे. परंतु ही दोन रूपे तत्कालीन ग्रीक उच्चारात सारखीच झाली होती, आणि ती लेखनात एकमेकांच्या जागी सर्रास येत.