पोर्टलंडहून : जाहीर झालेले डॉलर आणि हाती आलेले डॉलर

ऑरेगन राज्यातल्या या शहरात आल्बिना ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. 1960च्या दशकात ‘आय-फाइव्ह’ महामार्ग तिच्या पोटातून नेला आणि वस्ती दुभंगली. आता महामार्गावर छत घालून वर रस्ते, इमारती, मोकळ्या जागा करायच्या आणि दोन्ही बाजू पुन्हा जोडायच्या, असा बेत आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी 45 कोटी डॉलरचं अनुदान जाहीर केलं. फोटो निघाले, भाषणं झाली. जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं नव्या कायद्यानं त्यातला बहुतांश पैसा काढून घेतला.

हे शक्य झालं, कारण इथे अनुदान जाहीर होणं म्हणजे पैसा मिळणं नव्हे. घोषणेनंतर वॉशिंग्टनशी करार व्हावा लागतो. त्याआधी पर्यावरणाची तपासणी, आराखडे, स्थानिक हिश्श्याची तजवीज, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. सही होईपर्यंत रक्कम कागदावरच, आणि जुलैच्या कायद्यानं नेमका सही न झालेला पैसा उचलला. सही झाली तरी आगाऊ चेक येत नाही. कंत्राटदाराचं बिल आधी आपण भरायचं, पावत्या पाठवायच्या, मग परतावा. 2025 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारचे वाहतूकमंत्री तक्रार करत होते, की आधीच्यांनी करार न झालेली सुमारे 3,200 अनुदानं मागे ठेवली.

2021च्या पायाभूत सुविधा कायद्यात एकूण 1.2 लाख कोटी डॉलर होते. महामार्गांचा मोठा वाटा ठरलेल्या सूत्रानं राज्यांना जातो. शहरांनी, गावांनी थेट मिळवायचा पैसा मात्र स्पर्धेतून. स्मार्ट सिटीच्या स्पर्धेत 2016 साली पुणं दुसरं आलं होतं, तशी परीक्षा इथे दरवर्षी. यातल्या एका प्रसिद्ध योजनेचं 2009 मध्ये नाव होतं ‘टायगर’, मग ‘बिल्ड’, 2021 मध्ये ‘रेझ’, 2025 मध्ये पुन्हा ‘बिल्ड’. योजना तीच, सरकार बदललं की बारसं नव्यानं. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त अडीच कोटी डॉलर, साधारण 20 टक्के वाटा स्वतःचा. निम्मा निधी ग्रामीण भागाला द्यायचा आणि तिथे स्वतःच्या वाट्याची अट सैल करायची, एवढी माणुसकी कायद्यात आहे. पण लाभ-खर्चाचं गणित मांडून अर्ज करायला माणसं लागतात. मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान गावात कारकून हाच इंजिनियर. त्यामुळे गरज कुणाची जास्त, यापेक्षा अर्ज कुणाचा चांगला, हेच बऱ्याचदा ठरतं. मला ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी खोट वाटते.

पोर्टलंडला केंद्राचा पैसा आपल्या मनासारखा वळवण्याची जुनी सवय आहे. 1974 मध्ये शहरानं माउंट हूड महामार्ग रद्द केला आणि त्याचा निधी इतर वाहतुकीकडे नेला. त्यातूनच 1986 मध्ये ‘मॅक्स’ ही हलकी रेल्वे धावू लागली.

हवामानासाठी तर शहरानं वॉशिंग्टनची वाटच पाहिली नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये मतदारांनी कौल दिला, की देशभरात 100 कोटी डॉलरहून अधिक विक्री असलेल्या बड्या किरकोळ कंपन्यांनी शहरातल्या विक्रीवर एक टक्का द्यावा. किराणा आणि औषधं वगळून. उत्पन्न अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आलं. 2023 मध्ये पाच वर्षांसाठी 75 कोटी डॉलरचा आराखडा झाला. झाडं, घरांची वीजबचत, प्रदूषण कमी करणारी वाहतूक, असं बरंच काही त्यात आहे. तिजोरीत तूट पडली की पालिकेची इतर खातीही या निधीकडे आशेनं बघतात, त्यावरून भांडणं होतात. तरीही या निधीवर वॉशिंग्टनच्या सत्तांतराची टांगती तलवार नाही.

2021च्या त्या कायद्याची मुदत मात्र 30 सप्टेंबर 2026 हीच ठरलेली आहे.