गावाला जाताना भाजीचे वाफे कसे जगवावेत?



आठ-दहा दिवस पाण्याची पाळी लांबली तरी वाढलेला ऊस तग धरतो. पण त्याच उसाच्या पाटाकडेला घरच्या माऊलीने लावलेले वांगी-मिरचीचे, मेथी-कोथिंबिरीचे वाफे चैत्र-वैशाखात चार दिवसांत माना टाकतात. आणि नेमके याच दिवसांत घर सोडावे लागते. चैत्री वारीला पंढरपूर, कधी तिरुपती, कधी शिवेपलीकडे तेलंगणातल्या सोयऱ्यांकडचे लग्न. परत येऊन बघावे तर वाफ्याचा नुसता पाला झालेला! मग पुढचे दोन महिने बाजारची भाजी विकत घ्यावी लागते.

असे का होते? उसाची मुळे खोल जातात, खालची ओल ओढतात. मेथी-कोथिंबिरीची मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात आणि उन्हाने पहिल्यांदा तीच माती सुकते. १० फूट लांब व ५ फूट रुंद वाफ्याचा हिशेब पाहू. कडक उन्हाळ्यात अशा वाफ्यातून दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे २८ लिटर. आठ दिवसांचे सव्वादोनशे लिटर झाले. एवढे पाणी एकाच दिवशी देऊन भागत नाही. आपल्या लेंडी-मांजरा काठच्या काळ्या जमिनीत तुंबलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळे पडते.

काही जण मोटार चालू ठेवून पाणी पाटात सोडून जातात. वीज कधी दिवसा, कधी रात्री. बघायला कोणी नाही, पाणी वाहून जाते. हे आपल्याला शोभणारे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ऊसवाल्यांनीच पाणी संपवले असा बोल आपल्यावर आला होता. तो बोल पुन्हा येऊ नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.

मडक्याचा उपाय

यावर स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे जमिनीत पुरलेले मातीचे मडके. चीनमध्ये सुमारे २००० वर्षांपूर्वी फान शंग-ची याच्या शेतीग्रंथात भोपळवर्गीय वेलांच्या खड्ड्यात मधोमध मडके पुरून ते पाण्याने भरलेले ठेवावे, असे सांगितले आहे. आपल्या देशात हरियाणातील करनाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात यावर प्रयोग केले. आपल्याकडे उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, तसाच थेंबाथेंबाचा हिशेब इथे आहे. फरक एवढाच, की गळतीचे पाणी भोकातून सारखे ठिबकत राहते. मडक्याचे पाणी मात्र अंगातून पाझरते, आणि माती कोरडी झाली की जास्त, ओली असली की कमी. म्हणजे मातीच आपल्या गरजेप्रमाणे पाणी ओढून घेते.

कृती अशी :

(१) ८ ते १० लिटरचे साधे, कच्च्या अंगाचे मडके किंवा माठ घ्यावा. रंग दिलेला किंवा गुळगुळीत चकाकी आणलेला नको. पाणी भरून ठेवल्यावर बाहेरून अंग ओलसर झाले पाहिजे.

(२) वाफ्यात मडक्यापेक्षा थोडा मोठा खड्डा घ्यावा. मडके गळ्यापर्यंत पुरावे, तोंड जमिनीच्या वर दोन बोटे राहू द्यावे. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि मडके तडकते. म्हणून भोवती माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे.

(३) मडक्यापासून वीतभर अंतरात चार रोपे लावावीत. त्यापलीकडे ओल नीट पोचत नाही.

(४) पाणी फडक्यातून गाळून भरावे, गाळाने छिद्रे बुजतात. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर पाणी उडते आणि डासही होतात. खारे पाणी असेल तर हंगाम संपल्यावर मडके काढून घासून घ्यावे.

मडके निदान पंधरा दिवस आधी पुरावे आणि आत काठी बुडवून रोज पाणी किती उतरते ते पाहावे. १० लिटरचे मडके रोज २ लिटर देत असेल तर ५ दिवस पुरेल. आठ दिवस जायचे असेल तर चौथ्या दिवशी एकदा भरावे लागेल. शेजाऱ्याला 'रोज पाणी घाला' म्हटले की त्यालाही जड जाते. 'चौथ्या दिवशी चार मडकी भरा आणि तयार भाजी तोडून न्या' म्हटले की कोणी नाही म्हणत नाही. तोडणी झाली तर झाड पुढेही फळत राहते.

पाचटाचे पांघरूण

पाचट तर आपल्या घरचेच! एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते आणि पुष्कळ ठिकाणी ते अजून जाळले जाते. त्यातले दोन भारे वाफ्यासाठी ठेवावेत. आधी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात, पाणी द्यावे आणि वाफसा आला की चार बोटे जाडीचा थर रोपांच्या ओळींत पसरावा. पाचट बुंध्याला चिकटू देऊ नये. वाळवी असलेल्या जागी थर पातळ ठेवावा. मेथी-कोथिंबिरीत पाचट बसत नाही. तिथे तुराट्यांचा कमरेएवढा मांडव करून वर पाचट टाकावे, दुपारचे ऊन अडते. त्यातही कापणीला आलेली मेथी निघण्यापूर्वीच कापून खावी, हे उत्तम.

पिंपाचा भरवसा किती?

काही सभासद २०० लिटरचे पिंप उंचावर ठेवून ठिबकच्या नळ्या जोडतात. सोय चांगली आहे, पण हिशेब करावा. ताशी २ लिटरचे २० ड्रिपर पूर्ण दाबावर पिंप ५ तासांत रिकामे करतात. पिंप तीन-चार फुटांवर असेल तर दाब कमी, म्हणून धार साधारण तिसरा हिस्सा. तरीही पंधरा-सोळा तासांत पिंप कोरडे! म्हणून दिवसातून ठराविक वेळ चालू होणारा टायमर नसेल, तर पिंप उघडे टाकून आठ दिवस जाता येत नाही.

निघण्याच्या आठवड्यात युरिया देऊ नये. कोवळा पाला फुटला की पाण्याची ओढ वाढते. तयार वांगी, भेंडी, मिरची तोडून घ्यावी. शेवटचे पाणी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी द्यावे.

या उन्हाळ्यात प्रत्येकाने निदान एका वाफ्यात दोन मडकी पुरून पाहावीत आणि मडके किती दिवस पुरले ते आपल्या गट कार्यालयात कळवावे. जमीन गावागावाला वेगळी, म्हणून आकडेही वेगळे येतील. ते सगळ्यांच्या उपयोगी पडतील. वारीला जाणाऱ्याचे मन मागे वाफ्यात अडकू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.